लिव्हरवर्टचे नमुने: रानातल्या वहीपासून संगणकातल्या नोंदीपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा प्रश्न थोडक्यात असा. विभागाच्या छोट्या संग्रहालयात आधीच्या प्राध्यापकांनी जमवलेली लिव्हरवर्टची (मॉससारख्या, फुलं न येणाऱ्या इवल्याशा वनस्पतींची) पाकिटं पडून आहेत, बरीचशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. या पावसाळ्यात मुलांना घेऊन महाबळेश्वर आणि कोयनेच्या बाजूला नवे नमुनेही गोळा करायचे आहेत. मग सगळ्याचं डिजिटायझेशन. मोबाइलवर फोटो काढून एक्सेलमध्ये यादी केली तर पुरेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

यादी आणि फोटो लागतीलच, पण तेवढ्याने भागणार नाही. फुलझाडाचा वाळवलेला नमुना चाळीस वर्षांनीही पुष्कळ काही सांगतो. लिव्हरवर्टचं तसं नाही. त्याची ओळख पटवायला लागणाऱ्या काही गोष्टी ते ओलं आणि जिवंत असतानाच दिसतात, आणि वाळलं की कायमच्या जातात. त्या तुम्ही त्याच दिवशी लिहिल्या नाहीत, तर कितीही महागडा कॅमेरा आणा, नोंदीत त्या कधीच येणार नाहीत. म्हणून मी डिजिटायझेशनची सुरुवात रानातल्या वहीपासून धरतो आणि उत्तरही त्याच क्रमाने देतो.

आधी परवानगी. कोयना अभयारण्य हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक तुकडाही उचलता येत नाही, आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे परवानगी नव्हे. अर्ज मार्चमध्येच करा, जूनमध्ये केलात तर हंगाम हातातून जाईल. अभयारण्याबाहेरच्या गावांतही ग्रामपंचायतीला आणि तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सांगूनच काम करा. देवराईत तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. परवानगीचा क्रमांक आणि तारीख पुढे प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत जायला हवी. नवी जाती (स्पीशीज) सापडलीच, तर २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार तिचा नमुना सरकारने ठरवून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. तेव्हा ही कागदपत्रं नसली की सगळं अडतं.

आता वेळ. लोक एकदाच, बहुधा ऑगस्टमध्ये, जाऊन येतात. सह्याद्रीत ते अपुरं पडतं. झाडांच्या सालीवरचे पानाळ लिव्हरवर्ट, म्हणजे फ्रुलानिया, लेजुनिया, प्लॅजिओकायला, पावसाळाभर मिळतात. पण रिक्सिया आणि फॉसोम्ब्रोनिया यांची जाती ठरते ती बीजाणूंच्या पृष्ठभागावरच्या नक्षीवरून. जुलैत उचललेला कोवळा रिक्सिया दिसायला कितीही सुंदर असला तरी बीजाणू पिकलेले नसल्यामुळे तो बहुधा ‘रिक्सिया, जाती अनिश्चित’ असाच राहतो. म्हणून जुलैत जागा हेरा, तिची नीट नोंद करा आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये त्याच जागी परत जा. प्लॅजिओकाझ्मा आणि अ‍ॅस्टरेला यांच्या देठांवरच्या प्रजननांगांच्या टोप्याही पावसाच्या उत्तरार्धात चांगल्या मिळतात. सायथोडियम उलट, ते पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर जातं. गडांच्या अंधाऱ्या ओल्या भिंती आणि कातळातल्या कपारी यांत ते पिवळट हिरवं चमकताना दिसेल.

उन्हाळ्यातही एक फेरी वाया जात नाही. प्लॅजिओकाझ्मा तेव्हा कडा आत वळवून काळपट सुरळी होऊन बसलेलं असतं आणि खालचे जांभळे खवले उघडे पडतात. हे रूप एकदा ओळखता आलं की पुढच्या पावसात कुठे जायचं ते ठरवता येतं.

उचलायचं किती? तळहातात मावेल एवढं, तेही तिथे भरपूर असेल तर. जागेवर जेवढं आहे त्याचा बराच मोठा भाग तिथेच राहिला पाहिजे, आणि छोटासाच ठिपका असेल तर दोन-चार फांद्या पुरतात. सोबत वीस मुलं असतील तेव्हा हे आधीच बजावून सांगा. नाहीतर एका दुपारीत एखादा झरा ओरबाडला जातो.

साहित्य साधंच लागतं: बोथट चाकू, दहापट आणि वीसपट भिंग, तपकिरी कागदाची पाकिटं, पेन्सिल. पेन्सिलच, कारण जेल पेनची शाई पहिल्या सरीत वाहून जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना ठेवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. अपवाद एकच: जिवंत तपासायचा छोटा तुकडा हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये दिवसभर ठेवायला हरकत नाही. सालीवरचं लिव्हरवर्ट सालीच्या पातळ पापुद्र्यासकट काढा, मातीवरचं काही मिलिमीटर मातीसकट. पानांवर वाढणारं कोलोलेजुनिया असेल तर अख्खं पानच घ्या. फ्रुलानिया हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या रसायनांमुळे काही जणांच्या त्वचेवर पुरळ उठतं, आणि फ्रान्स आणि कॅनडातल्या लाकूडतोड्यांना होणारा हा त्रास वैद्यकात नोंदलेला आहे.

एका पाकिटात एकाच जागचा आणि एकाच आधारावरचा (साल, माती किंवा दगड) नमुना जाईल. प्रत्येक संकलकाची क्रमांकमालिका त्याच्या आयुष्यभर एकच चालते. दरवर्षी, दर सहलीला एकपासून सुरू करायची नाही. ‘क्र. ५’ असे चार नमुने एकाच माणसाच्या नावावर निघाले की कुठलं लेबल कोणाचं हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. विद्यार्थ्यांच्या गटाने गोळा केलं तर गटप्रमुखाचा क्रमांक वापरा आणि बाकीच्यांची नावं सहसंकलक म्हणून लिहा.

वहीत काय लिहायचं यावर मी सगळ्यात जास्त हट्ट धरतो. ‘झाडावर’ ही नोंद नव्हे. कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर, खोडावर की फांदीवर, सालीचा पोत खरखरीत की गुळगुळीत. ‘दगडावर’ हीसुद्धा नोंद नव्हे. जांभा आहे की बेसॉल्ट, वाहत्या पाण्याच्या तुषारात आहे की नुसत्या ओलाव्यात. जुन्या भिंतीवर असेल तर दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात आहे का, कारण चुना आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या जाती वेगळ्या असतात. सावली किती, रंग कोणता, चुरगळल्यावर वास येतो का, शेजारी कोणतं मॉस किंवा नेचं आहे. हे सगळं लिहायला पाच मिनिटं लागतात आणि पाऊस कोसळत असताना ती फार वाटतात, पण ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घेतलेत तरी चालतील. मात्र दाट झाडीत किंवा घळीत मोबाइल किती मीटरची अचूकता दाखवतोय तो आकडाही लिहा. चार दशांश स्थळं म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर, त्यामुळे मोबाइलने दाखवलेली आठ स्थळं उतरवून काही साधत नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी टिपा. फोटोंचा क्रम ठरलेला असू द्या: आधी परिसर, मग मोजपट्टीसह ठिपका, मग जवळून, आणि प्रत्येक फोटोत क्रमांकाची चिठ्ठी. चिठ्ठी नसलेला फोटो महिन्याभराने कुठल्या नमुन्याचा हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही.

त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी, सूक्ष्मदर्शक लावायचा. लिव्हरवर्टच्या पेशींत तैलकाया, म्हणजे तेलाचे सूक्ष्म साठे, असतात, पटलाने वेढलेल्या. वनस्पतींमध्ये त्या फक्त याच गटात आढळतात. एका पेशीत किती, गोल की लांबट, एकसंध की कणीदार, रंगहीन की तपकिरी, यावरून पानाळ लिव्हरवर्टच्या कितीतरी जाती वेगळ्या ओळखता येतात. आणि बहुतेक जातींत नमुना वाळताना त्या विरून जातात. वाळलेलं पान पुन्हा भिजवलं की पेशी फुगतात, पण तैलकाया परत येत नाहीत. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी साधा सूक्ष्मदर्शक घेऊन जा. पानाचा तुकडा साध्या पाण्यात काचपट्टीवर ठेवा, चारशेपट मोठा करून बघा, पानाच्या मधल्या भागातल्या पेशी मोजा, फोटो काढा आणि स्टेज मायक्रोमीटरचाही (बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचपट्टीचा) एक फोटो त्याच भिंगाखाली काढून ठेवा, म्हणजे पुढे मोजमाप करता येईल. मार्केन्शियासारख्या थॅलसच्या, म्हणजे खोड-पान असा भेद नसलेल्या चपट्या, प्रकारांत तैलकाया मोजक्याच खास पेशींत एकेक मोठी अशी असते, तिथे त्या पेशी किती विखुरलेल्या आहेत ते लिहा.

वाळवणं सोपं आहे, घाई मात्र नको. पाकीट उघडून सावलीत, पंख्याखाली, जाळीवर पसरा. महाबळेश्वरच्या दमट हवेत तीन दिवसांतही वाळत नसेल तर मंद उष्णता चालेल, पण ४० अंश सेल्सियसच्या वर नेऊ नका. फुलझाडांसारखं दाबायचं नाही. फ्रुलानियाच्या पानाला खालच्या बाजूने जो पोकळ फुगीर कप्पा असतो त्याच्या आकारावर सगळी ओळख अवलंबून असते, आणि दाबलं की तो चपटा होतो. थॅलसच्या प्रकारांना टीपकागदात ठेवून हलकं वजन पुरे. त्यातले एक-दोन तुकडे पालथे वाळवा, म्हणजे खालचे खवले दिसत राहतील. टार्जिओनियाची टोकाखालची, शिंपल्यासारखी मिटलेली काळी झाकणंही त्यामुळे न मोडता पाहता येतात. पानांवरचं कोलोलेजुनिया एवढंच काय ते सपाट दाबून वाळवायचं.

कायमचं पाकीट आम्लमुक्त कागदाचं, घडी घालून बंद होणारं, साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचं. डिंक, सेलोटेप, स्टेपलर काही नको. रोपटं कागदाला कधीही चिकटवायचं नाही. भुसभुशीत मातीवरचा रिक्सिया छोट्या पुठ्ठ्याच्या डबीत ठेवून ती डबी पाकिटात ठेवा. कीड मरावी म्हणून संग्रहात घेण्याआधी सगळी पाकिटं हवाबंद पिशवीत उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. जुन्या कपाटात फुलझाडांचे नमुनेही असतील तर हातमोजे घालूनच हात लावा, कारण आपल्याकडच्या हर्बेरियमांमध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांमध्ये) पूर्वी कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड सर्रास वापरलं जाई आणि ते कागदावर टिकून राहतं.

आता संगणकाकडे वळू. इथे सगळ्यांची सुरुवात फोटोपासून होते, ती क्रमांकापासून व्हायला हवी. प्रत्येक पाकिटाला एक कायमचा बारकोड क्रमांक द्या. त्या क्रमांकात जातीचं नाव, कपाट, साल काहीही गुंफू नका. नाव उद्या बदलेल, कपाट परवा बदलेल, क्रमांक मात्र तोच राहिला पाहिजे. क्रमांकाआधी संस्थेचं संक्षिप्त नाव येतं, जसं मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमचं ‘बीएलएटी’. ही नावं न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन सांभाळत असलेल्या जागतिक सूचीत नोंदवली जातात. तुमचा संग्रह व्यवस्थित आणि इतरांना पाहता येईल असा झाला की तुम्हीही अर्ज करा.

लिव्हरवर्टच्या पाकिटांत एक अडचण हमखास येते: एका गुच्छात एकच जाती सापडत नाही. फ्रुलानियावर लेजुनिया सरपटत असतो, त्यातच रॅड्युलाच्या दोन फांद्या असतात. हे सगळं एका नावाखाली नोंदवलं तर बाकीच्या जाती संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. मी असं सुचवेन: सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं करता येईल ते आतल्या वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा, त्याला स्वतःचा बारकोड द्या, संकलकाचा क्रमांक तोच ठेवून पुढे अ, ब लावा, आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडा. वेगळं करता येत नसेल, तर मुख्य नोंदीच्या ‘सोबतच्या जाती’ या रकान्यात नाव लिहा.

फोटो कशाचा काढायचा यावर अमेरिकेतल्या कामातून चांगलं शिकायला मिळतं. तिथे २०११ मध्ये लायकेन (दगडफूल) आणि ब्रायोफाइट (मॉस, लिव्हरवर्ट वगैरे) यांच्या सुमारे २३ लाख नमुन्यांचा प्रकल्प सुरू झाला. त्यात भर लेबलांच्या फोटोंवर होता, कारण बंद पाकिटाच्या फोटोत रोपटं दिसतच नाही. लेबलाचा फोटो, त्यावरून टंकलेखन आणि मग नकाशावर जागा, हा क्रम तुमच्यासाठीही योग्य आहे. सगळ्या पाकिटांच्या लेबलांचे फोटो काढा. उघडून आतल्या नमुन्याचे फोटो निवडक पाकिटांचेच काढा, आणि तेही मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून. सूक्ष्मदर्शकातले फोटो सगळ्यात मोलाचे. शिकागोच्या फील्ड म्युझियमने फ्रुलानियाचे असे फोटो लोकांपुढे ठेवून त्या फुगीर कप्प्यांची मापं सामान्य माणसांकडून घेतली. फोटोत मोजमापाची सोय होती म्हणूनच ते शक्य झालं.

टंकलेखनाला दोन वेगळे रकाने हवेत: लेबलावर जसं आहे तसं, आणि आपण लावलेला अर्थ. लेबलावरचं शुद्धलेखनही सुधारायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या लेबलांवर हे पथ्य पाळलं नाही तर घोळ ठरलेला. ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईचा कुलाबा नव्हे, आजचा रायगड जिल्हा, ज्याचं नाव १९८१ मध्ये बदललं. माथेरानचे जुने नमुने त्याच नावाखाली सापडतील. ‘आंबोली, जि. रत्नागिरी’ हे लेबल चुकीचं नाही, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्याआधीचं ते आहे. नुसतं ‘आंबोली’ टाकून संगणकाला जागा शोधायला सांगितली तर तो अंधेरीची आंबोलीही दाखवेल, आणि दमट घाटातलं लिव्हरवर्ट मुंबईच्या रस्त्यावर जाऊन बसेल. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, ‘पूना’, फुटांतली उंची, हे सगळं आधी जसंच्या तसं उतरवा, मग शेजारच्या रकान्यात आजचं नाव आणि मीटर लिहा.

नुसतं ‘महाबळेश्वर’ लिहिलं असेल तर एसटी स्टँडवर टाचणी टोचून मोकळं होऊ नका. मध्यबिंदू घ्या आणि नमुना त्यापासून किती अंतराच्या आत कुठेही असू शकतो तो मीटरमधला आकडा सोबत द्या. अनिश्चितता पाच किलोमीटर असेल तर पाच किलोमीटरच लिहा. हवामानबदलाचा अभ्यास करणारा माणूस त्या आकड्यावरून ठरवतो की ही नोंद त्याला वापरता येईल की नाही. खोट्या अचूकतेने त्याचा निष्कर्षच बिघडतो.

तारखांचंही तसंच. ‘७/८/६१’ म्हणजे ७ ऑगस्ट की ८ जुलै? वनस्पतिशास्त्रात महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे ती याचसाठी. त्याच संकलकाच्या आगेमागेच्या क्रमांकांवरून बहुतेक वेळा उत्तर निघतं. निघत नसेल तर फक्त वर्ष लिहा. आणि एक्सेलमध्ये काम करणार असाल तर सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर ‘५-८’ हा संकलक क्रमांक गुपचूप ५ ऑगस्ट होतो. रकान्यांची नावं जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या ‘डार्विन कोअर’ या मानकाप्रमाणे ठेवलीत तर पुढे माहिती जीबीआयएफवर (जगभरातल्या अशा नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर) किंवा ब्रायोफाइट हर्बेरियमांच्या सामायिक पोर्टलवर चढवताना पुन्हा काम करावं लागत नाही. फोटोच्या फाइलचं नाव म्हणजे बारकोड, दुसरं काही नाही. मूळ फाइल कॉम्प्रेस न करता जपा, वापरायला जेपेग वेगळी काढा, आणि एक प्रत कॉलेजच्या इमारतीबाहेर ठेवा.

नावांच्या बाबतीत घाई करू नका. जगभरातल्या लिव्हरवर्टची जी यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात ७,२७१ जाती मान्य केल्या आहेत, जुनी असंख्य नावं तिथे दुसऱ्या नावांत विलीन झालेली दिसतील. लेबलावरचं जुनं नाव खोडायचं नाही. नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर, कोणी आणि कधी ठरवलं त्यासह, पाकिटात टाकायचं, आणि संगणकातही दोन्ही राहतील. प्रजातीपर्यंतच (जीनसपर्यंत) पोहोचलात तर तेवढंच लिहा. शंका असलेल्या नमुन्यांचा दुसरा भाग पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात किंवा लखनौच्या ब्रायोफाइट अभ्यासकांकडे पाठवा. या विषयाची परंपरा लखनौत मोठी आहे. पाठवलेल्या भागावर तुमचाच क्रमांक जाईल. तपासणीसाठी तुकडा भिजवायचा तर वेगळा काढून भिजवा, अख्खं पाकीट ओलं करू नका, आणि स्लाइड बनवली तर तिच्यावरही तोच बारकोड लावा.

राहिली तुमची जुनी पाकिटं. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांना क्रमांक देऊन, गोठवून, लेबलांचे फोटो काढून ठेवा. नव्या नमुन्यांची भर पडली की मागचं मागेच राहतं. लेबल अजिबात नसलेली पाकिटं फेकू नका. त्यांची नोंद ‘स्थळ अज्ञात’ म्हणून करा, कपाटात शेजारी कोण होतं त्यावरून जागेचा अंदाज लिहू नका, आणि वर्गात काप घ्यायला तीच वापरा. गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद मात्र टाकण्याआधी वाचा. त्यावर तारीख आणि आवृत्ती असेल तर त्याचा फोटो काढा: नमुना त्या कागदात त्या तारखेआधी बांधलेला नसणार, एवढं तरी नक्की होतं. ती तारीख संकलनाच्या रकान्यात नाही, शेऱ्याच्या रकान्यात जाईल.